काटो लोकांवर नोंद लिहायची असेल तर

पहिल्या खर्ड्यात मी काटो लोकांना थेट ओक्लाहोमात नेऊन बसवलं होतं. तिथे कॅडो नावाची एक जमात आहे. तिचा काटोंशी ना भाषेचा संबंध, ना शेजाराचा. पण घाईत काढलेल्या टिपणांत माझ्या अक्षरातल्या ‘कॅडो’ आणि ‘काटो’ यांच्यात फार फरक उरला नव्हता. खर्डा संपादक बाईंकडे गेला. त्यांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: ‘हे लोक मासे कुठल्या नदीत धरायचे?’ मी नदी शोधायला गेले आणि सगळा नकाशाच बदलला. नदी निघाली ईल, उत्तर कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो काउंटीची.

मी मुळात मुद्रितशोधक. उभा जन्म दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ करण्यात गेला, साठीनंतर एका कोशासाठी स्वतः नोंदी लिहायला बसले. मोठमोठ्या देशांच्या आणि राजांच्या नोंदी आधीच वाटल्या गेल्या होत्या. कुणी न उचललेले लहान समाज माझ्या वाट्याला आले. काटोंची नोंद दीडशे शब्दांची होती आणि तिला सात आठवडे लागले. तुमचे लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे. काटोंवर लिहायचं नसलं तरी चालेल, पण उदाहरण म्हणून तेच घेते. एवढ्याशा नावात इतके खड्डे मला दुसरीकडे सापडले नाहीत.

नाव शोधण्यापासून सुरुवात करू. रोमन लिपीत ते दोन तऱ्हांनी लिहितात. मानववंशशास्त्राच्या आणि भाषाशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत ते ‘के’ने सुरू होतं: के-ए-टी-ओ. जमात स्वतः आणि आजची सरकारी कागदपत्रं ‘सी’ने लिहितात, मध्ये एक ‘एच’ घालून: सी-ए-एच-टी-ओ. ‘के’ने शोधलंत तर शंभर वर्षांपूर्वीचे लोक भेटतात आणि आजचे गायब असतात. ‘सी’ने शोधलंत तर नेमकं उलट. म्हणून दोन्ही स्पेलिंगं घालून शोधा, आणि दोन्ही वेळा सोबत ‘लेटनव्हिल’ हे त्यांच्या भागातल्या गावाचं नाव जोडा. नुसतं ‘के’चं स्पेलिंग घातलं तेव्हा माझ्यासमोर जपानी आडनावांची रांग उभी राहिली आणि पाठोपाठ टेबलावर धावणाऱ्या छोट्या आगगाड्या आल्या. त्या बनवणाऱ्या जपानी कंपनीचं नावही तेच आहे. माझा भाचा त्या दुपारी फार खूश होता. भाषेपुरतं शोधायचं असेल तर आंतरराष्ट्रीय भाषासूचीतली तिची तीन अक्षरी खूण वापरा: के-टी-डब्ल्यू. तिथे ना आगगाड्या येतात ना आडनावं.

पुढचा प्रश्न कुठल्याही समाजाच्या नावाला विचारायला हवा: हे कोणी ठेवलं, आणि कुठल्या भाषेत? ‘काटो’ हा शब्द काटो भाषेतला नाहीच. तो दक्षिणेच्या शेजाऱ्यांचा, उत्तर पोमो लोकांचा. त्या भाषेत त्याचा अर्थ तळं. तळ्यापाशी काटोंचं एक महत्त्वाचं गाव होतं, त्या गावाला पोमो या नावाने ओळखायचे, आणि गावाचं नाव माणसांना चिकटलं. काटो स्वतः त्या गावाला ‘जिल्बी’ म्हणत. (हसू येणार हे धरून चाला. मी वाक्यरचना अशी केली, की शब्दाच्या आधीच ‘गाव’ येईल आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे ताट येणार नाही.) आपल्या लोकांना ते ‘त्लोक्याहान’ म्हणत, त्यात गवताचा शब्द आहे: गवताचे लोक.

शेजाऱ्यांच्या नावाने ओळखलं जाण्याचा तोटा इथे चांगलाच दिसतो. काटोंपैकी पुष्कळांना पोमोही यायची. स्टीफन पॉवर्स यांनी कॅलिफोर्नियाच्या जमातींवरच्या 1877 च्या ग्रंथात ‘काटो पोमो’ आणि ‘काइ पोमो’ अशी नावं दिली, आणि वाचणाऱ्याला वाटतं, की ही पोमोंचीच एखादी शाखा असावी. मलाही वाटलं. दुसऱ्या खर्ड्यात मी तसं छापायच्या बेतात होते. प्रत्यक्षात पोमो आणि काटो या दोन भाषांची कुळंच वेगळी. पूर्वेकडचे युकी तिसऱ्याच कुळातले. एवढ्याशा डोंगराळ मुलखात तीन भाषाकुळं एकमेकांना खेटून होती, म्हणून ‘शेजारी म्हणजे भाऊबंद’ हा आपला नेहमीचा हिशेब तिथे चालत नाही. उलट सण-विधींच्या बाबतीत काटो पोमो-युकींच्या जवळचे आणि भाषेने सख्खे असलेल्या उत्तरेच्या हूपांपासून लांबचे. तेव्हा नोंदीत ‘भाषेने’ आणि ‘चालीरीतीने’ ही दोन नाती वेगवेगळ्या वाक्यांत लिहा. एका वाक्यात कोंबलीत की कुठलं तरी एक खोटं ठरतं.

आता हे नाव आज कुठे कुठे लागतं ते पाहा, कारण नोंद लिहिताना ते सारखं पायात येतं. ते लोकांचं नाव आहे. भाषेचं आहे. लेटनव्हिलच्या पश्चिमेला काटो शिखर आहे, काटो ओढा आहे, काटो खोरं आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच खोऱ्यात वसवलेलं काटो नावाचं एक गाव होतं, ते पुढे ओस पडलं. आणि ‘लेटनव्हिल रँचेरियाची काटो जमात’ (रँचेरिया म्हणजे काय ते पुढे सांगते) या नावाची, अमेरिकेच्या संघराज्य सरकारने मान्यता दिलेली एक राजकीय संस्था आहे. मी ‘काटोची स्थापना’ असं एक वाक्य लिहिलं होतं. ते गावाबद्दल होतं, पण बाईंनी ते लोकांबद्दल वाचलं आणि विचारलं, ‘लोकांची स्थापना होते का हो?’

यावर मराठीत एक सोपा उपाय आहे: नावाला थेट प्रत्यय लावू नका. ‘काटोंनी’, ‘काटोत’, ‘काटोचा’ असं लिहिलं की वाचकाला अंदाज बांधावा लागतो. प्रत्यय पुढच्या नामाला लावा: काटो लोकांनी, काटो भाषेत, काटो जमातीचा, काटो शिखरावर. चार अक्षरं जास्त जातात, पण संदिग्धता उरत नाही. मी इथे गप्पांच्या ओघात ‘काटोंनी’ म्हणते आहे ते सोडा, कोशात मी ते एकदाही येऊ दिलं नाही.

‘लोक’ आणि ‘जमात’ यांतला फरक नुसता शैलीचा आहे असंही समजू नका. लोक म्हणजे वंशज, मग ते कुठेही असोत. जमात म्हणजे घटना, निवडून आलेली समिती आणि सदस्यांची यादी असलेलं सरकार. काही काटो वंशज लेटनव्हिलच्या जमातीत आहेत, तर काही राउंड व्हॅली रिझर्व्हेशनच्या जमातसंघात, जिथे युकी, वायलाकी, पोमो वगैरे बरेच समाज एकत्र आले, खरं तर आणले गेले. सदस्य कोण, हा वाद न्यायालयातही गेला आहे. यादीतून काढलेल्या काही जणांना परत घ्या, असा आदेश संघराज्याच्या इंडियन खात्याने दिला होता. 2013 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ठरवलं, की जमातीच्या स्वतःच्या नियमांनुसार त्या खात्याला असं अपील ऐकण्याचा अधिकारच नव्हता. दीडशे शब्दांत हा वाद मावणार नाही, पण तुम्ही ‘काटो लोकांची सदस्यसंख्या’ असं लिहिणार असाल तर तो माहीत असायला हवा. सदस्यसंख्या जमातीची असते, लोकांची नव्हे.

‘टोळी’ हा शब्द मी पहिल्याच दिवशी बाद केला. जुन्या भाषांतरांत तो सर्रास येतो: अपाची टोळी, सू टोळी. पण टोळी दरोडेखोरांची असते आणि टोळांची असते. ‘रेड इंडियन’ही नको. ‘इंडियन’ मात्र कायद्याच्या आणि संस्थांच्या नावांत अजून आहे, तिथे तो तसाच ठेवावा, आपण परस्पर सुधारू नये. ‘रँचेरिया’चं मी आधी ‘कुरण’ केलं होतं, कारण मला रँच आठवलं. चूक. स्पॅनिश अमदानीत मूळ रहिवाशांच्या वस्तीला रँचेरिया म्हणत. आज कॅलिफोर्नियात तो शब्द इंडियन समाजांसाठी राखून ठेवलेल्या छोट्या जमिनींना लागतो. भाषांतर करायला जाऊ नका, शब्द ठेवा आणि पहिल्या उल्लेखालाच अर्थ सांगा.

देवनागरी रूपावर मी दोन दिवस घालवले, त्यातला दीड फुकट. स्पेलिंगातला ‘एच’ पाहून ‘काहटो’ लिहायचा मोह होतो. इंग्रजी उच्चारात तो ‘ह’ ऐकू येत नाही, तो फक्त ‘का’ लांबवतो. म्हणून ‘काटो’. हिंदीच्या सवयीने कुणाला यात ‘कापा’ ऐकू येईल, त्याला इलाज नाही. ‘केटो’ मात्र कदापि नको, तो आहारातला प्रकार आहे.

भाषेतले शब्द देवनागरीत लिहिताना आपल्याला एक फायदा आहे आणि एक अडचण. फायदा असा, की या कुळातल्या भाषांत ‘त’ आणि ‘थ’ यांच्यासारखा महाप्राणाचा भेद असतो. इंग्रजी वाचकाला तो समजावून द्यावा लागतो, आपल्याला दुसरीपासून येतो. अडचण अशी, की त्यांच्याकडे तिसराही एक प्रकार आहे: घशातली हवा क्षणभर अडवून फटकन सोडलेला ‘त’. त्यासाठी आपल्याकडे अक्षर नाही, तेव्हा वर उलटा स्वल्पविराम द्या आणि एका ओळीत खुलासा करा. दुसरा खास ध्वनी म्हणजे कंठ न हलवता, जिभेच्या कडांवरून नुसती हवा सोडून काढलेला ‘ल’. याला ‘ळ’ लिहू नका. मी लिहिला होता, ‘ळ हे आपलं खास अक्षर, तर त्यांच्या खास ध्वनीला देऊ या’ अशा उदार भावनेने. दोन्ही खास आहेत म्हणून ते एक होत नाहीत. ‘ल्ह’ त्यातल्या त्यात जवळ जातं.

भाषेचं कुळ अथाबास्कन. हे कुळ तीन तुकड्यांत पसरलं आहे: अलास्का आणि कॅनडाचा वायव्य भाग, ऑरेगन-कॅलिफोर्नियाची किनारपट्टी, आणि दूर नैऋत्येच्या कोरड्या मुलखात नाव्हाहो आणि अपाची. किनाऱ्यावरच्या तुकड्यात काटो अगदी दक्षिण टोकाला आहे. नाव्हाहोत पाण्याला ‘थो’ म्हणतात, काटोतही तसंच. नाव्हाहोत दगड ‘त्से’, काटोत ‘से’. शेकडो मैलांचं अंतर, मध्ये इतर कुळांच्या भाषा, आणि पाणी नि दगड मात्र घरचेच. नोंदीत जागा कमी असेल तर नात्याची बाकी विशेषणं काढा आणि ही एक जोडी ठेवा.

गंमत म्हणजे ‘अथाबास्कन’ हे नावही उसनंच. अल्बर्ट गॅलॅटिन यांनी 1836 मध्ये ते कुळाला दिलं, कॅनडातल्या अथाबास्का सरोवरावरून, आणि तो शब्द क्री भाषेतला. म्हणजे लोकांचं नाव एका शेजाऱ्याच्या तळ्यावरून आणि भाषाकुळाचं नाव दुसऱ्याच कुणाच्या तळ्यावरून. आजकाल ‘देने’ हा त्या भाषांमधलाच, ‘माणसं’ अशा अर्थाचा शब्द कुळासाठी वापरतात. मी दोन्ही दिले.

काटो भाषेचं जे मोठं साहित्य हाती आहे ते प्लायनी अर्ल गॉडर्ड यांनी नोंदवलेलं. 1909 मध्ये त्यांनी काटो कथा मूळ भाषेत आणि इंग्रजी अर्थासह छापल्या, 1912 मध्ये काटो भाषेच्या घटकांवरचा ग्रंथ काढला. नोंदीत बहुतेक जण इथेच थांबतात: ‘गॉडर्ड यांच्या कथा’. कथा गॉडर्ड यांच्या नाहीत. त्या बिल रे नावाच्या काटो गृहस्थांनी सांगितल्या. त्यांचं नाव त्याच ग्रंथात आहे, शोधावं लागत नाही. सांगणाऱ्याचं नाव आधी लिहा, उतरवणाऱ्याचं नंतर. अक्षरांचा हिशेब तेवढाच राहतो.

या कथांतल्या उताऱ्याचं भाषांतर करायचं असेल तर ‘म्हणे’पाशी तुम्ही अडणारच, म्हणून त्यावर जरा थांबते. सृष्टीच्या कथेत सुरुवातीला आकाश वालुकाश्माचं आहे आणि ते जुनं झालं आहे. नागाइचो आणि मेघगर्जना असे दोघं मिळून नवं आकाश उभारतात. (नागाइचो म्हणजे थोर प्रवासी. शेवटचा ‘चो’ मोठेपणाचा आहे, कोकणीतल्या षष्ठीचा नव्हे.) पुढे पूर येतो, आणि मग पृथ्वी स्वतः एक प्रचंड शिंगाळ जनावर होऊन उत्तरेकडून पाण्याखालून चालत येते. नागाइचो तिच्या डोक्यावर उभा असतो. दक्षिणेला पोहोचल्यावर ती आडवी होते आणि तिची जमीन होते. आता हे सगळं सांगताना जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘याʼनी’ असं येतं. अर्थ: ते म्हणतात. गॉडर्ड यांनी शब्दशः दिलेल्या इंग्रजी अर्थात ते ठेवलं आणि इंग्रजीत ते दगडासारखं टोचतं.

मराठीत टोचायचं कारण नाही. आपल्याकडे ‘म्हणे’ आहे. ‘आकाश वालुकाश्माचं होतं म्हणे. जुनं झालं होतं म्हणे.’ पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण वाक्य भाषांतराचं वाटेचना. आजी सांगते आहे असं वाटलं. बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘छान आहे, पण हे कुचेष्टेसारखंही वाचता येतं.’ आणि ते खरं आहे. ‘मोठा विद्वान म्हणे!’ यातला ‘म्हणे’ विश्वास दाखवत नाही. दुसऱ्यांच्या श्रद्धेच्या कथेला आपण प्रत्येक वाक्यात नाक मुरडतो आहोत असं दिसलं तर सगळंच फुकट.

तीन दिवस आमचं यावरच चाललं होतं. शेवटी कळलं, की फरक जागेचा आहे. कुचेष्टेचा ‘म्हणे’ बहुधा नामाला किंवा विशेषणाला चिकटतो आणि मागून उद्गारचिन्ह येतं. गोष्टीचा ‘म्हणे’ पूर्ण क्रियापदानंतर येतो, सपाट स्वरात, आणि एकदा सुरू झाला की येतच राहतो. एखाद-दुसऱ्या वाक्यात ठेवलात तर शंका वाटते, ओळीने सगळ्या वाक्यांत ठेवलात तर ती सांगण्याची लय होते. तेव्हा ठेवायचा तर सगळीकडे ठेवा, नाहीतर मुळीच नको. आणि उताऱ्याआधी एक ओळ द्या, की मूळ निवेदकही प्रत्येक वाक्याला अशीच साक्ष जोडतो: हे मी पाहिलेलं नाही, ऐकत आलेलं आहे. संपादक ‘पुनरुक्ती’ म्हणून ते छाटायला येतील. मीही मुद्रितशोधक असताना छाटले असते.

आता काळ आणि कर्ता. ‘काटो लोक ईल नदीत सामन पकडत असत, ओकची फळं दळत असत, राहत असत.’ माझा पहिला खर्डा सगळा असा ‘असत’वर चालला होता, जणू ते लोक गेले. लोक आहेत. काटो ही पहिली भाषा म्हणून बोलणारे आता कोणी राहिले नाहीत, पण त्या वाक्याचा भूतकाळ लोकांच्या वाक्यात सांडू देऊ नका. भाषेसाठीही ‘मृत’ऐवजी मी ‘निद्रिस्त’ लिहिलं. एवढ्या कथा लिहून ठेवलेल्या असताना ती शिकायला कोणी बसूच शकणार नाही, हे ठरवणारी मी कोण?

कर्त्याचं तसंच. ‘एकोणिसाव्या शतकात लोकसंख्या घटली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पाणी घटतं तशी माणसं आपोआप घटली. 1850 मध्ये कॅलिफोर्नियाने इंडियनांच्या ‘व्यवस्थेचा आणि संरक्षणाचा’ म्हणून जो कायदा केला, त्याच्या आधारे इंडियन मुलं आणि माणसं गोऱ्यांकडे बांधील मजुरीला ठेवता येत होती. 1859 मध्ये वॉल्टर जार्बो या इसमाच्या सशस्त्र तुकडीने ईल नदीच्या भागात, विशेषतः युकींची, कत्तल केली आणि राज्याने तिचा खर्च दिला. एवढं कळल्यावर ‘घटली’ लिहवत नाही. जागा नसेल तर एकच क्रियापद बदला: मारली गेली, हुसकावली गेली. तेही कर्मणीच आहे म्हणा, पण हात दिसतो.

आकड्यांबद्दल थोडक्यात: मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या 1925 च्या ग्रंथातल्या तक्त्यात 1770 साली काटो लोक 500 असल्याचं दिलं आहे. 1770 मध्ये तिथे कोणी शिरगणती केलेली नव्हती. तेव्हा ‘होती’ लिहू नका, ‘क्रोबर यांचा अंदाज’ लिहा.

एवढ्या सगळ्यानंतर नोंदीचा आरंभ असा झाला:

‘काटो: अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मेंडोसिनो काउंटीत, ईल नदीच्या वरच्या खोऱ्यात राहणारे मूळ रहिवासी लोक. त्यांची काटो भाषा अथाबास्कन कुळातील असून सध्या निद्रिस्त आहे. “काटो” हे शेजारच्या उत्तर पोमो भाषेतील “तळे” या अर्थाचे नाव. त्यांचे स्वतःचे नाव त्लोक्याहान.’

शेवटचं काम उलटसंदर्भांचं, ते विसरू नका. माझ्या चिठ्ठ्या अशा होत्या: ‘काहटो – पाहा: काटो’, ‘काटो पोमो – पाहा: काटो, पोमो नव्हेत’, ‘त्लोक्याहान – पाहा: काटो’. तिसरी चिठ्ठी बाईंनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, की मुख्य नोंद हिच्याखाली का नको? मी म्हटलं, जमात स्वतः आज काटो म्हणवते. त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठी ‘त’च्या खोक्यात टाकली.